अ‍ॅन्सन जोन्स फलक-प्रदर्शन : कामाच्या नोंदी (ह्यूस्टन, ऑक्टोबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३)

५ ऑक्टोबर, दसरा

मंडळाच्या शिवजयंतीला हॉलच्या मागच्या भिंतीवर दरवर्षी काहीतरी मांडतात. गेल्या वर्षी गडकोटांचे फोटो होते. यंदा ती भिंत माझ्याकडे आली. कार्यक्रम १९ फेब्रुवारीला, रविवारी. तारीख वाचली आणि तिथेच विषय ठरला. १९ फेब्रुवारी १८४६ ला ऑस्टिनमध्ये टेक्सासच्या प्रजासत्ताकाचा, म्हणजे अमेरिकेत जाण्याआधीच्या स्वतंत्र देशाचा, झेंडा उतरला. त्या दिवशी बोलायला उभे राहिलेले शेवटचे राष्ट्राध्यक्ष अ‍ॅन्सन जोन्स पेशाने डॉक्टर होते.

आपली मुलं इथे चौथीत आणि सातवीत टेक्सासचा इतिहास शिकतात. घरी येऊन विचारतात, आणि आम्हा आईबापांना सॅम ह्यूस्टनच्या पलीकडे काही सांगता येत नाही. समोरची मुख्य भिंत महाराजांचीच राहणार. मागची या माणसाला द्यायची, मराठीत.

अंदाज: १२ फलक, २४ बाय ३६ इंच, फोम बोर्डावर छपाई. खर्च ४०० डॉलर, वेळ सहा आठवडे. दोन्ही आकडे चुकले. शेवटच्या नोंदीत खरे दिले आहेत.

१६ ऑक्टोबर

पहिला मसुदा बारा दिवसांत झाला आणि आज जवळजवळ सगळा टाकून दिला. सुरुवात शेवटापासून केली होती: ९ जानेवारी १८५८, ह्यूस्टनमधलं हॉटेल, आत्महत्या. वाचणारा पहिल्या फलकापाशी खिळून राहील असं वाटलं होतं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "आता पुढचे अकरा फलक त्या माणसाचं काहीही वाचलं तरी मी फक्त मरणाचीच कारणं शोधत राहणार." खरं होतं. शिवाय हॉलमध्ये पाच-सहा वर्षांची मुलं असतील.

आता क्रम जन्मापासून: २० जानेवारी १७९८, ग्रेट बॅरिंग्टन, मॅसॅच्युसेट्स. मृत्यू शेवटच्या फलकावर दोन ओळींत, कसा झाला याचा तपशील न देता. असं काम करणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे. शेवट दुःखाचा असेल तर त्याला दारात उभा करू नका.

२३ ऑक्टोबर

दुसऱ्या मसुद्यात फलक २ चं शीर्षक होतं "अपयशी डॉक्टर". मंडळातल्या निवृत्त डॉक्टर काकांकडे फराळाचा डबा द्यायला गेलो तेव्हा कागदही सोबत नेले. काकांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि शीर्षकाखाली रेघ मारली.

"हे कशावरून?"

मी यादी वाचली. १८२० मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या ओनायडाच्या वैद्यक मंडळाचा परवाना मिळाला. बेनब्रिजला दवाखाना टाकला, चालला नाही. नॉर्विचला औषधांचं दुकान काढलं, बुडालं. पश्चिमेकडे निघाले तर एका सावकाराने फिलाडेल्फियात कोर्टकचेरी करून अडवलं. तिथे दवाखाना चालवला, पोटासाठी शाळेत शिकवलं. १८२४ मध्ये व्हेनेझुएलाला गेले, दोन वर्षांनी परत आले. १८२७ मध्ये जेफरसन मेडिकल कॉलेजची एम. डी. घेतली, तरी रोगी आले नाहीत. १८३२ मध्ये वैद्यकी सोडून न्यू ऑर्लिन्सला आडत्याचा धंदा धरला. तिथे कॉलरा आणि पीतज्वराच्या साथी पाहिल्या, धंदाही गेला.

"आणि मग?"

मग १८३३ च्या ऑक्टोबरात टेक्सास. तेव्हा तो मेक्सिकोचा भाग होता. ब्राझोरिया गावात उतरले आणि परतीच्या बोटीची जागाही ठरवून टाकली. गावकऱ्यांनी गळ घातली की आमचं गाव एकदा नीट आजमावून तर बघा. थांबले, आणि थोड्याच काळात वर्षाला ५,००० डॉलरची प्रॅक्टिस उभी राहिली.

काका म्हणाले, "अरे, मग हा अपयशी कसा? पस्तिसाव्या वर्षी याचा जम बसला. चालती प्रॅक्टिस सोडून राजकारणात गेला म्हण. 'डॉक्टरी चालली नाही म्हणून पुढारी झाला' हे वाचायला सोपं आहे, पण खोटं आहे. आणि 'होते' लिही. डॉक्टर होते ते."

शीर्षक बदललं: "ब्राझोरियाचे डॉक्टर". सगळ्या फलकांवर 'तो'चं 'ते' केलं. त्यात तीन संध्याकाळी गेल्या, कारण क्रियापदं सगळीकडे बदलतात आणि संगणकावर शोधून-बदलून भागत नाही. हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता.

३० ऑक्टोबर

काकांकडे दुसरी फेरी, फक्त औषधांसाठी. जोन्स यांनी कोणाला काय दिलं हे मी लिहिणार नव्हतो. त्या काळच्या डॉक्टरच्या पेटीत काय असायचं तेवढंच घेतलं: पाऱ्याचं कॅलोमेल, अफूचा अर्क, रक्त काढायची सुरी आणि हिवतापावर क्विनाईन. मी 'क्विनाईन' लिहिलं होतं. काकांनी शेजारी 'कोयनेल' लिहिलं. आजीच्या तोंडी हाच शब्द असायचा. फलकावर दोन्ही ठेवले.

६ नोव्हेंबर

मेक्सिकोविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या फलकावर मजकूर फार झाला होता. १९० शब्द. भिंतीपासून चार फुटांवर कागद धरून मुलीला वाचायला लावला. पाचव्या ओळीला तिने मान वळवली. आता नियम: एका फलकावर ९० शब्द, त्याहून एकही जास्त नाही. बारा फलकांचे नऊ झाले.

त्या ९० शब्दांत काय ठेवलं ते सांगतो. १८३५ च्या डिसेंबरात स्वातंत्र्याच्या घोषणेसाठी परिषद बोलवावी हे ठराव जोन्स यांनीच मांडले, पण परिषदेचं सदस्यत्व घेतलं नाही. लढाई आली तेव्हा रेजिमेंटचे शल्यवैद्य झाले, तरी हुद्दा साध्या शिपायाचाच ठेवीन हा हट्ट धरला. २१ एप्रिल १८३६ ची सान हासिंतोची लढाई सुमारे १८ मिनिटं चालली. ते रणांगण आमच्या घरापासून तासाभराच्याही आत आहे. परत ब्राझोरियाला आले तर त्यांच्या दवाखान्याच्या जागेत जेम्स कॉलिन्सवर्थ यांनी वकिलीचं ऑफिस थाटलेलं. जोन्स यांनी द्वंद्वाचं आव्हान दिलं आणि जागा मोकळी करून घेतली. नियम मोडूनही हे ठेवलंच असतं. माणूस कसा होता ते यातून जितकं कळतं तितकं हुद्द्यांच्या यादीतून कळत नाही.

गाळलं त्यात टेक्सासमधल्या पहिल्या फ्रीमेसन लॉजची स्थापना गेली. ती घ्यायची तर फ्रीमेसन म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते, आणि तेवढी जागा नव्हती.

१२ नोव्हेंबर

शनिवार. वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसला गेलो, घरून साधारण सत्तर मैल. जोन्स यांची शेतवाडी याच भागात होती. जन्मगावावरून तिचं नाव त्यांनी बॅरिंग्टन ठेवलं. त्यांचं राहतं घर १९३६ मध्ये उचलून इथल्या उद्यानात आणलं आहे. बाकीच्या इमारती नंतर उभारलेल्या प्रतिकृती.

घर लाकडी, पांढरं. मधोमध पुढून मागे आरपार मोकळी वाट, दोन्ही बाजूंना खोल्या. कोकणातल्या पडवीत उभं राहावं तसा वारा अंगावर येत होता. मी तिथे फोटो काढत असताना मुलगी मागे खोपट्यांकडे गेली आणि तिथून ओरडली, "बाबा, इथे कोण राहायचं?"

गुलाम राहायचे. आणि माझ्या नऊ फलकांत हा शब्द एकदाही नव्हता. फलक ८ वर मी लिहिलं होतं: "शेतावरची माणसं कापूस पिकवत." गावाकडच्या गड्यांबद्दल लिहावं तसं. मुद्दाम लपवलं नव्हतं, हात आपोआप तसा चालला. पण परिणाम लपवण्याचाच झाला असता.

गाडीत बसूनच नवं वाक्य लिहिलं: "बॅरिंग्टनची शेती गुलाम करून ठेवलेल्या कृष्णवर्णीय माणसांच्या कष्टावर चालत होती. त्या कष्टाचा पैसा जोन्स कुटुंबाकडे जाई." खाली आणखी एक: "प्रजासत्ताकाच्या १८३६ च्या घटनेने गुलामगिरीला संरक्षण दिलं होतं, आणि संसदेच्या संमतीशिवाय स्वतंत्र कृष्णवर्णीयांना देशात राहायला मनाई होती." खोपट्याचा फोटो घराच्या फोटोइतक्याच आकाराचा टाकायचा.

पेट्रोल ३० डॉलर.

२० नोव्हेंबर

एका शब्दापायी आठवडा गेला. टेक्सास अमेरिकेत गेलं, याला मराठीत काय म्हणायचं?

मी 'खालसा' लिहिलं होतं. इतिहास वाचणाऱ्या आपल्या माणसाच्या हाताला तोच शब्द येतो. पण सातारा १८४८ मध्ये खालसा झालं ते छत्रपतींचा दत्तक नाकारून, साताऱ्याच्या लोकांना कोणी विचारलं नाही. टेक्सासमध्ये ४ जुलै १८४५ ला प्रतिनिधींची परिषद भरली, ५५ विरुद्ध १ मतांनी ठराव झाला, ऑक्टोबरात मतदान झालं. अर्थात मत फक्त गोऱ्या पुरुषांचं. दुसरा शब्द 'विलीनीकरण'. हा कोल्हापूरकरांना १९४९ ची आठवण देतो, संस्थान मुंबई राज्यात गेलं ती. पण संस्थानावर आधी ब्रिटिशांचं सार्वभौमत्व होतं. टेक्सासचे स्वतःचे वकील, म्हणजे राजदूत, परदेशांत होते, त्याच्याशी करार होत होते.

शेवटी फलकावर 'अमेरिकेत सामील होणं' असं साधं ठेवलं. शीर्षकात 'विलीनीकरण' राहिलं, कारण मोठ्या अक्षरात 'सामील होणं' नीट बसेना. माझं पूर्ण समाधान नाही.

४ डिसेंबर

फलक ६ आणि ७. सगळ्यात जास्त घोळ इथे झाला आणि सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळालं.

१८४१ च्या डिसेंबरापासून जोन्स हे राष्ट्राध्यक्ष सॅम ह्यूस्टन यांचे परराष्ट्रमंत्री होते आणि ९ डिसेंबर १८४४ ला राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या वर्षाचा सगळा मजकूर मी एकाच ठिकाणाहून उचलला होता: त्यांनी बॅरिंग्टनला बसून जमवलेली टिपणं आणि पत्रव्यवहार, मृत्यूनंतर १८५९ मध्ये छापून आलेला. अस्सल कागद म्हणून मी भारावून गेलो. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की हा माणूस खटला लढवतोय. विलीनीकरणाचे शिल्पकार आपण, श्रेय मात्र दुसऱ्यांनी नेलं, ही सल पानोपानी आहे. ह्यूस्टन यांच्याबद्दलची कटुता तर लपतच नाही. माझे दोन्ही फलक नकळत त्यांची वकिली करत होते.

घडलं ते असं. अमेरिकेच्या संसदेने फेब्रुवारी १८४५ अखेर टेक्सासला घेण्याचा ठराव केला. टेक्सासच्या लोकांना तो उद्याच हवा होता. जोन्स यांनी ब्रिटिश आणि फ्रेंच वकिलांना ९० दिवस थांबण्याचा शब्द दिला. ब्रिटिश वकील चार्ल्स इलियट गुपचूप मेक्सिकोला गेले आणि जूनच्या सुरुवातीला देकार घेऊन परतले: दुसऱ्या कुठल्या देशात सामील होणार नसाल तर मेक्सिको तुमचं स्वातंत्र्य मान्य करील. दरम्यान लोक खवळले आणि त्यांनी जोन्स यांचे पुतळे जाळले. ४ जूनला जोन्स यांनी देकार जाहीर केला, १६ जूनला टेक्सासची संसद भरली, तिने मेक्सिकोला नकार आणि अमेरिकेला होकार दिला.

जोन्स यांचं म्हणणं: मी दोन्ही दारं उघडी ठेवली, म्हणून लोकांना निवड करता आली. विरोधकांचं म्हणणं: हे चालढकल करून विलीनीकरण बुडवत होते. फलक ७ चे उभे दोन रकाने केले, डावीकडे एक म्हणणं, उजवीकडे दुसरं, मधे तारखा. निकाल दिला नाही. माझं स्वतःचं मत जोन्स यांच्या बाजूला झुकतं. लोकांचा राग अंगावर घेऊन तीन महिने गप्प राहायला जिगर लागते. पण ते इथे नोंदीत, फलकावर नाही.

इलियट यांच्याबद्दल एक गोष्ट फलकात बसली नाही. हेच गृहस्थ १८३९ मध्ये कॅन्टनला होते, आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांकडच्या वीस हजारांवर अफूच्या पेट्या त्यांनीच चिनी अधिकाऱ्यांच्या हवाली करवल्या. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफूही होती. मुंबईच्या पेढ्यांना घोर लावणारा माणूस सहा वर्षांनी ब्राझोसकाठी निरोप पोचवत होता.

२३ डिसेंबर

कडाक्याची थंडी. गॅरेजवरचा पाण्याचा पाइप फुटला. बॅरिंग्टनच्या घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल खालीच टेबलावर होतं, पूर्ण भिजलं. त्यात वीस तास गेले होते. पुन्हा करणार नाही, वेळ नाही. मॉडेल करणाऱ्यांनी पुठ्ठ्याऐवजी पातळ प्लायवुड घ्यावं आणि गॅरेजमध्ये ठेवू नये.

८ जानेवारी

ह्यूस्टनच्या ग्लेनवूड स्मशानभूमीत जोन्स यांच्या थडग्यापाशी जाऊन आलो. उद्या पुण्यतिथी. बरोबर मोगरा नेला होता, तो ठेवला.

फलक ९ चा मजकूर परत येताना ठरला. १८४९ मध्ये डावा हात दुखावला आणि निकामी झाला. १८५७ मध्ये सिनेटर थॉमस रस्क यांनी जीव दिला, त्यांच्या रिकाम्या जागेवर आपण जाऊ अशी जोन्स यांना खात्री होती. विधिमंडळाने मतं मोजली, जोन्स यांना एकही मिळालं नाही. ज्या हॉटेलात त्यांनी शेवट केला ती इमारत एकेकाळी प्रजासत्ताकाचं संसदभवन होती. साठ पूर्ण व्हायला अकरा दिवस होते.

खाली मेरी जोन्स. १८४० मध्ये लग्न, चार मुलं. १८९१ मध्ये प्रजासत्ताकाच्या लेकींची संघटना निघाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष. हे शेवटी आल्याने फलक मृत्यूवर थांबत नाही.

१५ जानेवारी

नकाशा चुकला. मी आजच्या टेक्सास राज्याची सीमा काढून त्यावर "प्रजासत्ताक" लिहिलं होतं. प्रजासत्ताकाचा दावा रिओ ग्रांदेच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखावर होता, म्हणजे आजच्या न्यू मेक्सिकोचा मोठा भाग आणि उत्तरेला पार वायोमिंगपर्यंतची पट्टी. ताबा मात्र त्याहून पुष्कळच कमी. आता दावा तिरप्या रेघांनी, वस्तीचा भाग भरीव रंगाने.

२८ जानेवारी

छपाई. दुकानदाराला मी मजकुराची मूळ फाइल दिली. त्याच्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नव्हता, यंत्राने हाताला लागेल तो लावला. चार फलक छापून झाल्यावर मी पोचलो. 'राष्ट्राध्यक्ष'चं 'राष् ट् राध् यक् ष' झालेलं, सगळे पाय मोडलेले. 'डॉक्टर'वरचा चंद्र 'क्'वर सरकलेला. 'स्थापना' ठीक, पण 'स्थिती'तली पहिली वेलांटी 'स्' आणि 'थ'च्या मधे. दुकानातल्या मुलाचा दोष नव्हता, त्याला ती नक्षी सारखीच दिसत होती. चार बोर्डांचे १३६ डॉलर गेले.

उपाय: घरी पीडीएफ करताना सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये बदलली, म्हणजे अक्षरांची चित्रं झाली. मग फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. पण त्यानंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपा. आणि आधी साध्या कागदावर एक फलक छापून एक-एक जोडाक्षर बोट ठेवून वाचा. नऊ फलकांना मला दोन तास लागले.

११ फेब्रुवारी

सगळे नऊ हातात. काकांनी फलक ८ समोर उभं राहून चूक काढली: "१९ फेब्रुवारी १८४६ ला टेक्सास राज्य झालं." राज्य झालं २९ डिसेंबर १८४५ ला, राष्ट्राध्यक्ष पोक यांची सही झाली तेव्हा. १९ फेब्रुवारीला ऑस्टिनमध्ये सत्ता हस्तांतर झालं. अख्खं प्रदर्शन ज्या तारखेवर उभं केलं तिथेच मी घसरलो होतो. फलक पुन्हा छापला, ३४ डॉलर.

१९ फेब्रुवारी

सकाळी आठला हॉल उघडला. पलीकडे पाळणा सजत होता, इकडे आम्ही फलकांना क्लिपा लावत होतो. फलक ८ वर मोठ्या अक्षरात जोन्स यांचे त्या दिवशीचे शब्द: "टेक्सासचं प्रजासत्ताक आता उरलेलं नाही." बरोबर १७७ वर्षं झाली.

सगळ्यात जास्त गर्दी फलक ७ पाशी. दोन आजोबा डाव्या आणि उजव्या रकान्यावरून वीस मिनिटं वाद घालत होते. सातवीतला एक मुलगा खोपट्याच्या फोटोपाशी थांबला आणि त्याने आईला विचारलं की यांची नावं का नाहीत. मला उत्तर देता आलं नाही. वहीत लिहून घेतलं.

२६ फेब्रुवारी

हिशेब. नऊ फलक ३०६ डॉलर. वाया गेलेले चार १३६. पुन्हा छापलेला एक ३४. पेट्रोल, दोन फेऱ्या मिळून ६०, कारण क्लिपा आणायला गेलो ती खेप यातच. स्टँड आणि क्लिपा ४८. एकूण ५८४. वेळ सहा आठवड्यांऐवजी वीस, तास धरले तर ११० च्या आसपास.

फलक चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. पुढच्या महिन्यात पुन्हा वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसला जायचंय, या वेळी खोपट्यांची माहिती देणाऱ्यांना भेटायला आणि त्या मुलाचा प्रश्न विचारायला. नावं मिळाली तर फलक ८ तिसऱ्यांदा छापीन. डाव्या बाजूला खाली तेवढी जागा आहे.